शिनोलीला आभाळातून आलेला डबा

मिरजेच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?"

"मंगळ, गुरू आणि शनी," मी म्हणाले.

तो हसला नाही. पेटी टपावर टाका म्हणाला. आत स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर होता आणि तो आमच्या विज्ञान मंडळाचा होता, त्यामुळे पुण्यापर्यंत मी तो मांडीवर घेऊन बसले. साताऱ्याला पाय बधिर झाले, शिरवळला मानही अवघडली, पण मन मजेत होतं. चार दिवसांची रजा, तीन गावांत तीन भाषणं आणि कधी न पाहिलेला मुलूख.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. दूरच्या ताऱ्यांभोवतीही ग्रह सापडू लागले होते. मंगळावरून आलेल्या एका दगडात जिवाणूंच्या खुणा आहेत की नाहीत, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालले होते. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दिवसभर गावोगावच्या पाण्यातले जंतू बघायचे आणि सुट्टीत आमच्या छोट्या विज्ञान मंडळातर्फे 'पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असेल का?' या विषयावर बोलायचं. लोकांना विषय आवडायचा. खरं सांगायचं तर मला माझं बोलणंही आवडायचं.

पुण्याला गाडी बदलून मंचरमार्गे घोडेगावला उतरले तेव्हा दुपार कलली होती. आंबेगाव तालुक्याच्या कचेऱ्या इथेच, त्यामुळे स्टँडवर कागदांच्या पिशव्या घेतलेली माणसं आणि डोंगरातल्या गावांकडे जाणाऱ्या गाड्या यांची गर्दी. साळवे सर न्यायला आले होते. हायस्कूलला विज्ञान शिकवणारे, किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. भाषणांची सगळी जुळवाजुळव त्यांनीच केली होती आणि मुक्कामही त्यांच्याच घरी होता.

रात्रीच्या जेवणात साळवे वहिनींनी ताटात मासवडी वाढली. मी शाकाहारी. नाव ऐकून हात मागे घेतला तर घरातली सगळी हसायला लागली. मासवडी (बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, खोबरं, खसखस यांचं सारण भरून कापलेली वडी) दिसते माशासारखी, पण तिचा माशाशी तेवढाच संबंध. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला मी आणखी रस्सा मागितला.

सकाळी घोडेगावचं भाषण छान रंगलं. मुलांनी भंडावून सोडलं. गुरूच्या चंद्रावर बर्फाखाली समुद्र असेल तर तिथे मासे असतील का, असं एकीने विचारलं तेव्हा सगळा वर्ग खिदळला. मी मात्र तिला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी शिनोली. भीमाशंकरच्या रस्त्यावरचं हे गाव घोडेगावपासून जवळच आहे. भात काढून झालेली खाचरं मोकळी पडली होती, मधे मधे गव्हाचे कोवळे हिरवे तुकडे आणि पश्चिमेला एकामागे एक डोंगर. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. मुलं पुढे, बापे मागे भिंतीला टेकून, बायका दाराशी.

मंगळाच्या दगडाची स्लाइड आली आणि मला चेव चढला. नेहमीचं वाक्य मी नेहमीपेक्षा जरा जास्तच रंगवून टाकलं. "तिकडून आपल्याकडे काही येत नसेल कशावरून? कदाचित आजही आभाळातून काहीतरी आपल्या शेतात येऊन पडत असेल, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसेल!"

दाराशी बसलेली एक तरुण बाई उठली आणि भिंतीला धरून बाहेर गेली. पाठोपाठ काहीतरी पडल्याचा आवाज झाला, बायका धावल्या. मी घोंगडी बाजूला सारून बाहेर आले तर ती ओसरीवर बसली होती, घामाने डबडबलेली. सात-आठ महिन्यांची गरोदर असावी. शेजारी एक म्हातारी तिला पदराने वारा घालत होती.

"भोवळ आली," म्हातारी म्हणाली. "तुमी जावा बाई, तुमचं चालू द्या."

पण त्या तरुण बाईने माझा हात धरला. तिचं नाव सुरेखा, याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. म्हातारी तिची सासू, ठकूबाई.

"बाई, तुमी म्हनला ते आमच्या शेतात पडलंय," सुरेखा म्हणाली. "मी हातात घेतलं व्हतं."

भाषण तिथेच संपलं. साळवे सरांनी मुलांना खेळायला सोडलं आणि आम्ही ओसरीवर बसून सगळं ऐकून घेतलं.

दिवाळीच्या आधी ती गवताला गेली असताना बांधावर एक पांढरा डबा पडलेला दिसला. त्याला लांबलचक दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला रबरासारखं फाटकं कातडं. तिने ते उचललं तर हाताला पांढरी भुकटी लागली. तिने विहिरीवर जाऊन हात धुतले. नवरा दत्तू, त्याला वाटलं हा सरकारी माल, उद्या पोलीस येऊन आपल्यालाच धरतील. त्याने सगळं पोत्यात भरलं, धोंडा बांधला आणि विहिरीत सोडून दिलं. मग कुणीतरी म्हणालं टीव्हीवर असंच दाखवलं होतं, परग्रहावरून येतं आणि माणसाच्या अंगात शिरतं. ठकूबाईंनी विहीर बंद केली. स्वतःची, बारमाही पाण्याची विहीर. तेव्हापासून सुरेखा ओढ्यापलीकडून डोक्यावर पाणी आणत होती.

"पान्याचं काय न्हाई," ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून एकदम हळू बोलली. "ह्याला काय झालं नसंल ना?"

तासाभरापूर्वी त्या अंधाऱ्या खोलीत मी जे टाळीसाठी बोलले होते, ते या बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत जाऊन पोचलं होतं. डबा, दोरा, फाटकं रबर. मला अंदाज आला होता. रोज हवामान मोजायला फुगे सोडतात, वर जाऊन ते फुटतात आणि खालचं यंत्र कुठेतरी पडतं. तसं मी सांगितलंही. पण ठकूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी बघितलाय का त्यो डबा?"

"नाही."

"मंग कशावरनं म्हनता?"

म्हातारीचं बरोबर होतं. न पाहता मी आधी घाबरवलं होतं, आता न पाहताच धीर देत होते.

"काढूया तो," मी म्हणाले.

दत्तूला शेतातून बोलावून आणलं. तो आधी तयार होईना, साळवे सरांकडे बघत राहिला. "सर, केस तर व्हनार न्हाई ना?" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दत्तू, अरे मी सोबत आहे. झालीच तर माझ्यावर होईल."

विहीर घरामागे होती, दगडी बांधणीची. तोंडावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. त्या ओढून काढल्या तेव्हा गावातली पंधरावीस माणसं जमली होती, पण सगळी दहा हात लांब. दत्तूने गळ (विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी आकडा) दोराला बांधून खाली सोडला. पहिल्यांदा रिकामा आला. दुसऱ्यांदा एक जुनी कळशी आली, तीन वर्षांपूर्वी हरवलेली. ती बघून ठकूबाई एवढ्या गडबडीतही म्हणाल्या, "आन मी जावेला बोल लावीत व्हते!" लोक हसले आणि एक पाऊल पुढे आले.

तिसऱ्यांदा गळ अडकला. दत्तू आणि सर दोघांनी मिळून ओढलं. दोर ताठ झाला. मी कठड्याला घट्ट धरून उभी होते. तो हवामानाचा डबा नसलाच तर? विषारी औषधाचं काही निघालं तर? सुरेखा घराच्या कोपऱ्याशी उभी होती, तिच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

पोतं वर आलं, पाणी गळत. दत्तूने विळ्याने तोंड कापलं. आत थर्माकोलचा डबा, हिरवट झालेला. त्यात तारा, छोटी पट्टी आणि गंजलेली बॅटरी. बाजूला चिकटवलेला एक कागद, वर प्लास्टिकचं आवरण. अर्धी अक्षरं गेली होती. मी वाचायला पुढे झाले आणि थांबले. सुरेखाला हाक मारली.

"तू वाच."

"मी?"

"सातवी शिकलीस ना?"

ती आली. चिखल पुसून तिने डबा उजेडाकडे धरला आणि हिंदी अक्षरं एकेक करून लावू लागली. "मौ-सम..." मग पुसलेली ओळ. मग, "हा-नि-का-रक... नहीं." ती थांबली. पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता. "हानिकारक नहीं है."

"म्हंजी काय?" ठकूबाईंनी विचारलं.

"आत्या, अपाय न्हाई म्हनत्यात. हवेचं यंत्र हाय."

"आणि ती पांढरी भुकटी," मी म्हणाले, "सायकलची नवी ट्यूब बघितलीय का कुणी? तिला असते तीच. रबर एकमेकाला चिकटू नये म्हणून लावतात."

मागून एक सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, "शंखजिरं! राव, माझ्या दुकानात शेरभर हाय!"

आता मोठा हशा पिकला. दहा हात लांब उभी असलेली सगळी माणसं कठड्याशी येऊन डबा हाताळू लागली. सुरेखा मात्र खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. ठकूबाईंनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

पण म्हातारी सहजासहजी हटणारी नव्हती. "पानी चांगलं हाय कशावरनं? तुमी प्याल का बाई?"

पाणी तपासणारी माणसं परगावी सहसा विहिरीचं पाणी पीत नाहीत. मी म्हणाले, "पिईन. पण आज नाही. ती बॅटरी दीड महिना आत होती. आधी विहीर उपसू, मग औषध टाकू. उद्या सकाळी मी पहिला पेला पिते."

लाइट आल्यावर दत्तूने मोटार लावली. पाणी गव्हाला न देता ओढ्याकडे सोडायला लावलं. विहीर तळाला गेली तशी खाली डबक्यात बोटबोटभर मासे चमकू लागले, कपारीत बेडूक बसले होते. ठकूबाई वाकून बघत राहिल्या.

"ही तर समदी जित्ती हायती," त्या म्हणाल्या. "दीड म्हैना ह्यांनी तेच पानी पेलं. मंग आमाला काय धाड भरलीया?"

प्रयोगशाळेतली माझी सगळी वर्षं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. विहिरीत डोकावायचं मला कसं सुचलं नाही? साळवे सरांनी ग्रामपंचायतीतून ब्लीचिंग पावडर आणली. झऱ्यांचं नवीन पाणी भरल्यावर ती मी मोजून कालवत होते, तर म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली. आवाजात काळजी होती.

"जरा बेतानं टाका. मासं मरायचं."

सकाळी घोडेगावहून पहिल्या गाडीने आलो. दत्तूने पोहरा वर ओढला. पाण्याला औषधाचा उग्र वास होता. मी पेला भरून सगळ्यांसमोर प्याले. चव काही अमृताची नव्हती. दुसरा पेला ठकूबाईंनी घेतला, सुरेखाच्या आधी. पिऊन झाल्यावर त्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या, जणू आत काय होतंय ते ऐकत होत्या. मग पेला सुनेच्या हातात दिला. "घे. आता ओढ्याला जायचं न्हाई."

गाडीच्या वेळेपर्यंत मी सुरेखाजवळ बसले. तिला घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात दाखवून घ्यायला सांगितलं. ते भीतीपोटी नको, सगळ्याच बायकांनी दाखवायचं असतं म्हणून. ती मान हलवत होती. मग तिने विचारलं, "पर बाई, खरंच कुनी हाय का तिकडं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "शोधतायत. अजून एकही जीव कुठे सापडलेला नाही."

"बरं," ती म्हणाली आणि प्रसन्न हसली.

त्याच दुपारी जुन्नरवरून ओतूरला गेले. बाजाराचा दिवस होता, स्टँडपर्यंत कांद्याच्या गाड्या लागलेल्या. तिसरं भाषण तिथल्या कॉलेजात होतं. मंगळाच्या दगडाची स्लाइड आली तेव्हा मी ते जुनं वाक्य बोलले नाही. दगडात काय दिसलं, कोण काय म्हणतं आणि आपल्याला काय ठाऊक नाही, एवढंच सांगितलं. टाळ्या कमी पडल्या. पण शेवटी एका विद्यार्थ्याने उभं राहून विचारलं, "म्हणजे मॅडम, तुम्हालाच माहीत नाही?" आणि मी "नाही" म्हणाले, तेव्हा खांद्यावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आपल्याला ठाऊक असल्यासारखं बोलण्याचे कष्ट मी का घेत होते कोण जाणे.

परतीच्या गाडीत पेटी टपावर टाकू दिली आणि पुण्यापर्यंत गाढ झोपले. मिरजेला पोचल्यावर शेजारणीने विचारलं, प्रवास कसा झाला. मी म्हणाले, एका विहिरीचं पाणी पिऊन आले.

माघ संपता संपता साळवे सरांचं अंतर्देशीय पत्र आलं. सुरेखाला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. शेवटी सरांनी लिहिलं होतं: ठकूबाईंनी दिव्याजवळ नेऊन बाळाची बोटं दोनदा मोजली, आणि मग सुईणीला म्हणाल्या, "समदी आपल्यासारखीच हाय. नाक तेवढं तिच्या बापावर गेलंय."