तमलूकची बाई आणि सोलापूरच्या टाचा

घाटाला नाव लागली होती आणि मी रडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तुम्ही मला मायाळू वगैरे समजाल. पंधरा वर्षांची घोडी, अंगावर नवं लुगडं, नाकात नथ, आणि डोक्यात एकच गोष्ट, आता आपण एकदाच्या सोलापूरकर होणार! रूपनारायण नदीला भरती आली होती, पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ. सोलापूरहून मला न्यायला आलेले काका नावेत बसून घाई करत होते. पुढे कोलाघाटला रेल्वे गाठायची होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, शेवटच्या पायरीवर चिखलात उभे होते. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"खुकी, हे ट्रंकेत नको, हातात ठेव," ते म्हणाले.

खुकी म्हणजे बंगालीत लहान पोर. मी काकांकडे बघत दातांतल्या दातांत म्हणाले, "अप्पा, लोकांसमोर खुकी म्हणू नका ना!"

माहेर सोडताना मी बोललेलं हे शेवटचं वाक्य. लेकींनी काय काय बोलून ठेवलंय, त्याची गाणी झालीत. माझ्या वाक्याचं काही होण्यासारखं नाही.

तुम्ही पोरं गावं सोडून गेलात, कुणी पुण्याला, कुणी समुद्रापार, आणि मागे राहिलेल्यांना वाटतं, गेलेले सुखात आहेत. म्हणून म्हातारी लिहायला बसली आहे. माझं प्रकरण जरा उलटं आहे. मूळचे आम्ही सोलापूरचेच. अप्पा तरुणपणी बंगालात तमलूकला हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. मी तिथे जन्मले, आई तिथेच गेली. बाराव्या वर्षी सुट्टीत सोलापूरला आणून माझं लग्न लावलं, आणि पुढची तीन वर्षं मी परत अप्पांपाशी. तेव्हा सासरी निघाले तर सगळे म्हणत, पोर घरी चालली. कुणाच्या घरी, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर घाईच झाली होती.

अप्पांना एक वेड होतं. तमलूक म्हणजे जुनी ताम्रलिप्ती, वंगदेशाचं बंदर. संध्याकाळी नदीकाठी नेऊन ते दाखवायचे, जणू काल पाहिल्यासारखं. इथून जहाजं सिंहलद्वीपाला जात, चिनी भिक्षू इथूनच जहाजात चढला, मग नदीनं गाळ टाकून टाकून समुद्र लांब ढकलला आणि बंदर गावात अडकलं. "हा सगळा मुलूखच नदीनं आणून टाकलेला आहे," ते म्हणत, "आणि माणसंही तशीच. आधीचे जंगलातले, मग होड्यांतून आलेले, मग गंगेकाठानं उतरलेले. सेन राजे तर कर्नाटातले, आपल्या अक्कलकोटाच्या पलीकडचे म्हण! आले आणि बंगाली झाले. गाळ बसायला वेळ लागतो, पोरी." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, कधी संपतंय हे.

शाळेमागचा पुकूर, म्हणजे तळं, उपसताना त्यांना एक भाजल्या मातीची बाई सापडली होती. कंबरेत मोडून दोन तुकडे झालेली. वरच्या तुकड्यात तळहाताएवढं अंग, कानांत ही मोठाली कुंडलं, आणि अंबाड्यात एका बाजूनं खोचलेले टोकदार काटे. खालच्या तुकड्यात मेखला आणि पाय. ती दोन हजार वर्षांची आहे, असं अप्पांचं म्हणणं. कलकत्त्याचे विद्वान म्हणत, एवढ्या जुन्या काळी त्या दलदलीत कसली आली आहेत शहरं! एका मराठी ड्रॉइंगमास्तराचं कोण ऐकणार?

फडक्यात तीच होती. वरचा तुकडा. मी नावेत बसल्यावर अप्पा काठावरून म्हणाले, "खालचा माझ्यापाशी. जोडून बघायचा तर तुला माहेरी यावं लागेल."

सोलापुरात पहिल्या दिवशी मला पंचगव्य पाजलं, मासे खाणाऱ्यांच्या देशातून आलेली म्हणून. याबद्दल अप्पांनी आधीच हसून सांगून ठेवलं होतं. जुन्या धर्मग्रंथातच आहे, वंगात जाऊन आलेल्यानं प्रायश्चित्त घ्यावं. "आपली चाल फार पुरातन आहे हो!" मी ते निमूट प्यायले. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या, आणि एकमेकींच्या कानात सांगत होत्या, "बंगालची हाय म्हणं. जादू येत असंल की हिला."

बंगाली जादूचा तेव्हा फार बोलबाला. बंगालच्या बाया माणसाचा मेंढा करतात, बाहुलीला टाचण्या टोचून वैरी मारतात, असं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि माझ्या ट्रंकेत, अप्पांचं न ऐकता मी तिथेच टाकलेली, डोक्याला काटे टोचलेली बाहुली!

तिसऱ्या दिवशी सासूबाई माझी ट्रंक लावायला बसल्या. त्यांचं माहेर मंद्रूपचं. बोलणं मोकळंढाकळं, निम्मं मराठी, राग आला की कानडी. फडकं सुटलं आणि तुकडा पालथा पडला. खडबडीत लाल पाठ वर.

"काय गं हे?"

मला खरं सांगता आलं असतं. हे माझ्या वडिलांनी दिलंय, फार जुनं आहे, एवढंच. पण दारात अजून एक शेजारीण टेकलेली होती. माझी जीभ माझ्याआधी पळाली.

"टाचा घासायचं आहे. आमच्याकडे झामा म्हणतात."

"वज्री व्हय!" सासूबाई खूश झाल्या. "बघा हो, व्याह्यांनी लेकीच्या टाचांची पण काळजी केली!"

खोटं बोलावं तर असं, की त्यावर रोज पाणी पडावं. वज्री ट्रंकेत कशी राहील? ती न्हाणीत गेली. तुम्हांला सोलापूरच्या टाचा माहीत आहेत. तमलूकला चिखलात टाचा लोण्यासारख्या राहायच्या. इथे काळी माती, कोरडी हवा, उन्हाळ्यात तापलेली फरशी. मे महिन्यात माणसाच्या टाचेत शेंगदाणा अडकावा अशा भेगा. सासूबाई घासायच्या, आतेसासूबाई घासायच्या, ह्यांच्याही टाचांना तीच. पाठीच्या बाजूनं घासली तर बोचते, म्हणून सगळ्यांनी उलटी केली. वज्रीवर मोर-बाहुल्यांची नक्षी असतेच, त्यामुळे तोंडाचं कुणाला नवल वाटलं नाही; ती बाजू गुळगुळीत चालते, असं घरातलं मत पडलं. आणि मी? मीही घासल्या. पहिल्यांदा डोळे मिटून. पुढे पुढे डोळे उघडे ठेवून. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत न्हाणी उरकायची असायची, तेव्हा कुणाचं नाक नि कुणाची कुंडलं!

एकदा शेजारीण वज्री मागायला आली, तर सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, "अय्यय्यो, ती न्हाई देणार. सुनंच्या माहेरची हाय ती." आणि मी त्याचीही मजा घेतली. एवढी मी सोलापूरकर झाले होते. शेंगाचटणी कुटत होते, कडक भाकरी मोडत होते, आणि अप्पांच्या पत्रांना चार ओळींचं उत्तर पाठवत होते.

तीन वर्षांनी अप्पांचं लांब पत्र आलं. कलकत्त्याचे एक विद्वान तमलूकला येऊन खालचा तुकडा पाहून गेले होते. म्हणाले, नुसत्या पायांवरून काळ ठरत नाही, तोंड नि केशरचना पाहिली तर बोलता येईल, कदाचित तुमचं म्हणणं खरंही निघेल. 'तर खुकी, बाईंना थोड्या दिवसांसाठी माहेरी पाठव. कापसात गुंडाळून पार्सल कर. आयुष्यात एकदाच कुणी विचारलंय.'

मी न्हाणीत गेले. बाई उचलून उजेडाला धरली. नाक नव्हतं. डोळे नव्हते. कुंडलांच्या जागी दोन फुगवटे. अंबाड्यातल्या काट्यांची नुसती बुडखं.

मी उत्तर लिहिलं. तो तुकडा बहुधा काकांच्या ट्रंकेत गेला असावा, सापडत नाही. खाली 'आपली आज्ञाधारक कन्या' अशी सही. अक्षर फार वळणदार आलं होतं, तेही आठवतं.

त्याच वर्षी माझ्या थोरलीच्या बारशाला अप्पा सोलापूरला आले. दोन दिवसांचा प्रवास, अंगावर रेल्वेचा कोळसा. मी बाळ मांडीवर घेऊन माजघरात, तिथून न्हाणीचं दार समोर दिसतं. सासूबाईंनी ऊन पाणी काढलं आणि मोठ्या प्रेमानं म्हणाल्या, "व्याही, पाय चांगले घासा. तुमच्याच बंगालची वज्री हाय ती. अजून झिजली न्हाई बघा!"

अप्पांनी ती उचलली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, अंगठा चेहऱ्यावरून फिरवला. चित्रकलेच्या मास्तरांचा अंगठा, त्याला काय कळायचं राहिलं असेल? त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की दाराकडे, ते आजवर मला ठरवता आलेलं नाही. मग खाली बसले, आणि पाठीच्या खडबडीत बाजूनं, तोंडाला धक्का न लावता, टाचा घासल्या. दोन्ही. सावकाश.

"कशी हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"उत्तम," अप्पा म्हणाले. "फार जुनी पद्धत आहे आमच्याकडची."

तीन दिवस राहिले. नातीला खेळवलं. बाईंचं नाव नाही काढलं. स्टेशनवर गाडी सुटताना मी वाकले, तर माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "टाचांना तेल लावत जा गं. इथली हवा कोरडी."

चार वर्षांनी ते गेले. मला कळलं तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं. त्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांनी पार्सल पाठवलं. त्यात त्यांचे कुंचले, चष्मा, आणि फडक्यात खालचा तुकडा. सोबतच्या पत्रात होतं, की विद्वान दुसऱ्यांदा आले तेव्हा अप्पांनी त्यांना सांगितलं, वरचा भाग माझ्या हातून नदीत पडला. विद्वान हसले आणि पुढे काही झालं नाही. 'तुमचे वडील एवढे जपून वागणारे, त्यांच्या हातून असं कसं झालं, आम्हांला नवल वाटलं.'

त्या दुपारी मी वज्री न्हाणीतून आणली, पुसली, आणि दोन्ही तुकडे जोडून पाहिले. मोडलेल्या कडेला कुणाच्या टाचा लागल्या नव्हत्या. जोड असा बसला की मध्ये केस जाऊ नये. पाय, मेखला, खांदे, सगळं नीट. वर तेवढा चेहरा नाही. सासूबाईंनी विचारलं, "न्हाणीतली वज्री कुटं गेली गं?" तेव्हाही मी म्हणाले, "फुटली." त्या गेल्या तोवर त्यांना खरं सांगितलं नाही.

पुढे बंगालात कितीतरी अशा बाया सापडल्या. नातीनं पुस्तकात दाखवल्या, तेच काटे, तीच कुंडलं. म्हणजे अप्पा बरोबर होते. त्यांना ते मरण्याआधी कळलं असतं.

आता अप्पांच्या बाई माझ्या दिवाणखान्यात शेल्फवर उभ्या असतात. लोक विचारतात, "आजी, मूळचे तुम्ही कुठले?" त्यावर मला अजून नीट उत्तर देता येत नाही. सोलापूरची हवा माझ्या कातड्यात मुरली आहे, आणि स्वप्नात मात्र चिखलात पाय रुततो. पण कुणी शेल्फाकडे बोट करून विचारलं, "हे काय आहे?", की मी काम टाकून बसते आणि पहिल्यापासून सांगते. पंधराव्या वर्षी ज्या प्रश्नाला भ्यायले, त्याची आता वाट बघते. घर म्हणजे, बाळांनो, ती जागा जिथे हा प्रश्न विचारला गेला तर खरं सांगता येतं. मला ते घर फार उशिरा मिळालं. तुम्ही पुन्हा ट्रंका भरून कुठे कुठे जाल, कुणी कुणी काहीबाही हातात देईल. ते काय आहे, ते पहिल्याच दिवशी सांगून टाका.

टाचा अजून फुटतात. मी तेल लावते.