कापूस भरलेलं चिलखत

घाटंजीच्या वार्ताहराचा फोन दुपारी आला. चोवीस वर्षांची मुलगी, कावीळ, दवाखान्यात मृत्यू. मी सवयीने विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर?" आमच्या यवतमाळच्या कार्यालयात गेली काही वर्षं प्रत्येक मृत्यूला हा पहिला प्रश्न असतो. शेतकरी असेल तर पहिलं पान, नसेल तर आत दोन ओळी. तो म्हणाला, "भाऊ, तुमची सुजाता आहे." माझी मावसबहीण. त्या प्रश्नाची किळस पाच आठवडे झाले तरी गेलेली नाही.

सुजाता ब्लाउज शिवायची. बाजाराच्या दिवशी तिच्या दारात बायकांची रांग लागे. उरलेल्या वेळात ती मोबाइलवर जपानी ॲनिमे बघायची. त्याला कुणी कार्टून म्हटलं की चिडायची. दोन वर्षांपूर्वी नागपूरला ॲनिमेच्या चाहत्यांचा मेळावा भरणार होता. तिथे लोक आवडत्या पात्राचा वेश करून येतात. तिने एका योद्धीचं चिलखत तयार केलं : आत पुठ्ठा, वर रेक्झिन. खांदे फुगवायला घाटंजीत फोम मिळेना, म्हणून काकांनी, तिच्या वडिलांनी, भाव वाढेल या आशेने घरात रचून ठेवलेला कापूस तिने सरकीसकट भरला. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तिलाही होतं.

मी बातमीसाठी सोबत गेलो. सभागृहात पंखे अपुरे होते. घाम, गोंद आणि नूडल्सच्या तेलाचा वास एकत्र झाला होता. नायलॉनच्या निळ्या केसांखालून तोंडाला फासलेले रंग ओघळत होते. स्वच्छतागृहात पाऊल ठेववत नव्हतं. असे सहा तास. सुजाताच्या मानेवर लाल गांध्या उठल्या.

"काढ ना ते," मी म्हणालो.

"येडा झाला काय दादा? काढलं त मले कोन वळखीन?"

अनोळखी पोरी लांबून किंचाळत यायच्या, तिला मिठी मारायच्या. ती मान खाजवत हसायची, पुन्हा तलवार उगारून फोटोला उभी राहायची. इतकं दमलेलं आणि इतकं खूश माणूस मी आधी पाहिलं नव्हतं.

स्पर्धेसाठी ती मंचावर गेली. निवेदकाने गाव विचारलं. यवतमाळ जिल्हा ऐकताच त्याने संगीत बंद करायला लावलं, आवाज ओला केला आणि कापूस, आत्महत्या, बळीराजाची लेक असं बोलू लागला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सुजाताने माइक ओढून घेतला. "मी शिलाई करतो. हे मी शिवलं. टाळ्या याले वाजवा."

मला त्या निवेदकाची शिसारी आली. परतल्यावर मी बातमी लिहिली. मथळा दिला, 'कापूसपट्ट्यातील योद्धी'. काकांची पाच एकर, बोंडअळी, पडलेला भाव... सगळं अचूक. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, तो त बाहेरचा होता. तू काहून?"

त्याशिवाय बातमी लागली नसती, असं मी म्हणालो. ते खरंही होतं. पुढच्या वर्षी ती एकटीच नागपूरला गेली. मला कळवलं नाही.

सुजाता गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मावशी गिऱ्हाइकांचे कपडे परत करू लागली. प्रत्येक गाठोड्याला नाव आणि माप लिहिलेली चिठ्ठी टाचलेली होती. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा एकच गाठोडं उरलं होतं : जांभळं कापड, एक बाही शिवलेली. चिठ्ठीवर सुजाताच्या अक्षरात नाव, 'मियोरी'.

"हे बाई कोन रे?" मावशी म्हणाली. "साऱ्या बाजारात विचारलं. कोनी म्हनते मुकुटबनची सून असन. माप त पाय, आपल्या सुजाताचंच."

हे तिच्या जपानी मालिकांतल्या कुणाचं तरी नाव असणार, एवढं माझ्या लक्षात आलं. पण ही तीच योद्धी की दुसरी, ते मला सांगता येईना. बातमीत मी एकर मोजून लिहिले होते. सुजाता त्या दिवशी कोण झाली होती, ते विचारलंच नव्हतं. जेवढं सांगता आलं, तेवढं मी मावशीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कापडाची घडी सारखी केली आणि ते मशीनवर ठेवलं.

"बिचारीचं अर्धंच राह्यलं," ती म्हणाली.