बुडालेल्या गावाला करंट

आमच्या वीज ऑफिसात लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, काम बंद, गप्पा सुरू. आणि लाईट आमच्याकडेही भरपूर जायची! त्यामुळे एवढे किस्से साठले, यात माझं कर्तृत्व काही नाही. मी कारकून, मी फक्त ऐकत गेलो. त्यातले हे बेटाचे.

बेट समुद्रातलं नव्हे. नांदेड जिल्ह्यात समुद्र कुठला! लोह्याकडे एका तलावाच्या मधोमध टेकडी आहे. धरण झालं, गाव बुडालं, पण टेकडीवरची काही घरं कोरडी राहिली आणि माणसंही तिथंच राहिली. खांब रोवायला पाणी खोल, म्हणून पाण्याखालून केबल न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे रत्नाबाईंनी ठरवलं.

रत्नाबाई बेटावरच्या. दळण होडीतून काठावर न्यायचं, पीठ घेऊन परतायचं. एकदा वाऱ्यात होडी कलंडली. सून वाचली, पीठ गेलं. तेव्हापासून बाई दर सोमवारी माझ्या टेबलासमोर.

"भाऊसाहेब, बेटावरच गिरणी बसवायची हाय. करंट द्या."

* * *

वरच्या ऑफिसातून प्रस्ताव परत आला. कारण काय? सदर गाव पाण्याखाली असल्याने वीजपुरवठा धोकादायक!

आमचे इंजिनियर कांबळे साहेब हट्टी. त्यांनी वरच्या साहेबांनाच होडीत बसवून बेटावर नेलं. रत्नाबाईंनी जेवायला वाढलं. साहेबांच्या तोंडात घास असतानाच विचारलं,

"बुडालेल्या गावची भाकर हाय साहेब. ओली तर लागत न्हाई ना?"

मंजुरी त्याच आठवड्यात आली.

* * *

मंजुरी आली म्हणून बाईंनी गिरणी विकत घेतली. केबलचा अजून पत्ता नाही! दोन होड्या एकमेकींना बांधून गिरणी बेटावर गेली. आमचे वायरमन गफूरचाचा हादरलेच.

"अक्का, करंट न्हाई आन् गिरणी आनली?"

"मांडव आधी घालतात, चाचा. नवरदेव मागून येतो."

नवरदेवाने दोन उन्हाळे लावले. गिरणीवर कोंबड्या बसायला लागल्या. बाई रोज सकाळी कोंबड्या हाकलायच्या, गिरणी पुसायच्या आणि सोमवारी ऑफिसात यायच्या.

* * *

केबल टाकायला मुंबईचा ठेकेदार आला. समुद्रातली कामं केलेला, रुबाबदार माणूस. काठावर उभा राहून म्हणाला, "भरती-ओहोटीच्या वेळा द्या, त्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गफूरचाचांनी अदबीने माहिती दिली,

"ओहोटी मार्चात सुरू होते, साहेब. भरती ऑगस्टात. आली तर! न्हाईतर एकदम पुढल्या साली."

* * *

केबल पाण्यावर तरंगत न्यायची आणि मग बुडवायची, अशी पद्धत. त्यासाठी लागणारे रबरी फुगे मुंबईहून निघाले ते निघालेच. कांबळे साहेब मूळचे अर्धापूरचे. केळीचं खोड पोटाला बांधून पोहायला शिकलेले. त्यांनी गावाकडून टेम्पो भरून केळीची खोडं मागवली.

होडीवाल्याने हात जोडले. "लई मोठी पूजा दिसते. कुठं हाय?"

"पाण्यात," साहेब म्हणाले.

सकाळी पाहतो तर निम्मी पूजा म्हशींनी खाल्लेली! साहेबांनी दुसरा टेम्पो मागवला आणि रात्री स्वतः खोडांवर निजले. दुसऱ्या दिवशी खोडांना बांधलेली केबल पाण्यावर निघाली. बेटावरून सगळं गाव दोर ओढत होतं, सर्वांत पुढे रत्नाबाई. मग विळ्यांनी बंध कापले आणि केबल खाली गेली. ठेकेदाराने टाळी वाजवली. त्याचं या कामातलं एवढंच योगदान, पण मनापासून!

* * *

आणि मग तो दिवस. रत्नाबाईंनी नवं लुगडं नेसलेलं. गफूरचाचांनी मेन स्विच टाकला, गिरणी घरघरली, बायांनी एकच गलका केला. तेवढ्यात कांबळे साहेब ओरडले, "थांबा! उलटी फिरतेय!"

खरंच उलटी फिरत होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. साहेब पाना घेऊन स्विचकडे निघाले. रत्नाबाई मध्ये आल्या आणि स्विचला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"बंद करायचं न्हाई!"

"अहो बाई, उलट्या गिरणीत पीठ कसं पडेल? पाच मिनिटं बंद करतो, वायर बदलतो, लगेच चालू."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तुमच्या ऑफिसची पाच मिनिटं मला ठाऊक हायत, साहेब. फिरू द्या उलटी!"