गाडी बंद पडून राहिली

मोटारसायकल घेतली तेव्हा माझी वकिली नवी होती आणि तोंड जुनंच होतं. अमरावतीच्या बाररूममध्ये सगळ्यांत जास्त मी बोलायचो आणि कोर्टात सगळ्यांत कमी, कारण कोर्टात बोलायला पक्षकार लागतो. जे थोडे होते ते दर्यापूर-मोर्शीकडचे. बसनं मी तिथं पोहोचेपर्यंत पुकारा होऊन पुढची तारीख पडलेली असायची. एका पक्षकारानं तोंडावर सांगितलं, "वकीलसाहेब, तुमी बोलता चांगले, पण येता उशिरा. आता मी लवकर येनारा वकील पाहून राहिलो." त्यानं पाहिलाही. म्हणून मोटारसायकल घेतली. ती चालली तरच वकिली चालणार होती.

अमरावतीत तेव्हा मोटारसायकलची एजन्सी नव्हती, अकोल्याला होती. तिथल्या मॅनेजरनं हँडलला हार घातला, मला पेढा दिला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, सहा महिन्याची हमी हाये. डोळे मिटून चालवा!" हमी कशाची, कशी, कोणत्या अटीवर, हे दुसऱ्याच्या करारात मी बोट ठेवून विचारलं असतं. स्वतःच्या वेळी पेढा तोंडात होता. शिवाय डोळे उघडे ठेवूनही मला ती गाडी धड चालवता येत नव्हती, त्यामुळे माझं सगळं लक्ष दुकानाच्या दारातून सरळ बाहेर कसं पडायचं याकडे होतं.

गाडीचा स्वभाव मला पहिल्या आठवड्यातच कळला. ती सकाळी एका किकमध्ये सुरू व्हायची, गावाबाहेर गाणं म्हणत जायची आणि चांगली तापली की मध्येच गप्प व्हायची. मग मी काळा कोट हँडलवर टांगून बाभळीखाली बसायचो. तासाभरानं ती थंड झाली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची. रस्त्यानं जाणारा गाडीवान हमखास विचारायचा, "वकीलसाहेब, बैल देऊ का एखादा?" आता मी कोर्टात बसपेक्षाही उशिरा पोहोचू लागलो.

गाडी घेऊन अकोल्याला गेलो. वाटेत दोनदा बंद पडली, दोनदा थांबलो. दुकानाच्या अंगणात ती सावलीत उभी केली, मॅनेजर जेवून आला, तोवर ती थंडगार. फिटरनं किक मारली. सुरू!

"चालू हाये की बापा," मॅनेजर म्हणाला.

"आता चालू आहे. तापली की बंद पडते."

"मंग तापू नोका देऊ."

"अहो, वऱ्हाडात राहतो मी! मे महिन्यात मी स्वतः तापतो, ती काहून नाही तापणार?"

"तुमी कोट काढून चालवत जा," त्यानं शांतपणे सल्ला दिला. "कोटानं हवा अडते."

पुढच्या खेपेला क्लच धरणारा माझा हात चुकत होता. त्याच्या पुढच्या खेपेला अमरावतीचं पेट्रोल चुकत होतं. शेवटी मी दुकानात आवाज चढवला तेव्हा तो म्हणाला, "कंपनीचे इंजिनेर साहेब येऊन राहिले पुढच्या हप्त्यात. त्याहिलेच सांगा."

इंजिनिअर साहेब पुण्याचे. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीची पॅंट, जिभेलाही इस्त्री. मॅनेजर त्यांच्या बाजूला सुपारी कातरत उभा होता.

"बोला, काय तक्रार आहे?"

"साहेब, गाडी बंद पडून राहिली."

"किती दिवस?"

"घेतली तेव्हापासून."

"म्हणजे चार महिने बंद पडून राहिली?"

"चार महिने, साहेब! एक हप्ता सुटला नाही."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी काय करणार? झाडाखाली बसून राहिलो."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला तेव्हा सहानुभूतीची वाटली. म्हणाले, "अहो, मोटारसायकल ही वापरायची वस्तू आहे. चार-चार महिने पडून राहिली तर बिघडणारच. न वापरता ठेवलेल्या गाडीला कंपनीची हमी लागू होत नाही." आणि ते जेवायला गेले.

मला वाटलं, साहेबांना ऊन लागलं.

परतताना बोरगावच्या पुढं गाडीनं नेहमीप्रमाणे मान टाकली. बाभळीखाली बसून मी ते संभाषण पुन्हा मनात घोळवलं आणि एकदम ताडकन उठलो. आमच्याकडे गाडी बंद पडून राहिली म्हणजे ती पुन्हा पुन्हा बंद पडत असते. पुण्याकडे गाडी बंद पडून राहिली म्हणजे ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. मी जे जे बोललो त्यातला शब्द न् शब्द माझ्याच विरुद्ध गेला होता. झाडाखाली बसून राहिलो, हेसुद्धा! इतका मूर्ख साक्षीदार मला पिंजऱ्यात कधी मिळाला नव्हता. मिळाला असता तर माझी वकिली मोटारसायकलशिवायच चालली असती.

पण माझं डोकं तापलं ते माझ्या मूर्खपणामुळे नाही. त्याची मला सवय होती. साहेब पुण्याचे, त्यांना समजलं नाही, ठीक. मॅनेजर तर अकोल्यातच जन्मला होता. त्याला सगळं समजत होतं आणि तो सुपारी कातरत होता.

तेव्हाच मी ठरवलं, हमी घ्यायची तर याच दुकानातून, याच माणसासमोर घ्यायची.

साहेब पुन्हा येणार होते ते हमी संपायच्या तोंडावर. या वेळी घोटाळा नको म्हणून मी घरात येरझाऱ्या घालत पुणेरी वाक्यं घोकू लागलो. "महोदय, माझे वाहन वारंवार बंद पडते. महोदय, कृपया लक्ष द्यावे."

बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. "तुमी भांडायले जाऊन राहिले का कीर्तनाले?"

"तुला नाही समजायचं. तिथं शुद्ध बोलावं लागतं."

"तुमचं शुद्ध ऐकून त्याहिले वाटन, गाडी नाही, मानूसच बिघडला."

तिचं न ऐकता गेलो. दुकानात साहेब होते, मॅनेजर होता आणि नवी गाडी न्यायला आलेले एक जाडजूड पाटील बाकावर घाम पुसत बसले होते. मी घसा साफ केला.

"महोदय, माझे वाहन वारंवार बंद पडते."

साहेब मान हलवणार तेवढ्यात मॅनेजर गोड हसला आणि पुणेरीत म्हणाला, "साहेब, मागच्या वेळी यांनी सांगितलं होतं की गाडी पडून राहिली. आज म्हणतात, वारंवार बंद पडते." मग जरा थांबून, "वकील आहेत ते."

खलास! साक्षीदारानं बयान बदललं की तो मेला. या एका डावावर मी स्वतः दोन-तीन दावे जिंकलो होतो. माझाच वार माझ्यावर, तोही सुपारी कातरणाऱ्याकडून! माझी सगळी पुणेरी जागच्या जागी वितळली.

"साहेब," मी म्हटलं, "मी बयान बदलत नाही. तवा बोललो तेच आजही बोलून राहिलो. गाडी बंद पडून राहिली! आमच्या मुलखात याचा अर्थ ती सारखी बंद पडते, असा होते. गाडी तुमी वऱ्हाडात विकली, तर तक्रारही वऱ्हाडीतच ऐका. ह्या मॅनेजरले इचारा."

"मला असा काही अर्थ ठाऊक नाही," मॅनेजर म्हणाला. 'ठाऊक नाही'! अकोल्याच्या माणसाच्या तोंडी!

मी त्याचा नाद सोडला आणि बाकाकडे वळलो. "रामराम पाटील. लय वेळचे बसले दिसता? तुमच्या मागून आलेले चहा पिऊन गेले म्हणतात."

नुसती काडी लावायची होती. पाटील भडकलेच. "हो ना बावा! ओ मॅनेजर, कवाचा बसून राहिलो मी! माह्या गाडीचं काय करून राहिले तुमी?"

"येऊन राहिलो ना पाटील, येऊनच राहिलो!" मॅनेजर वळून ओरडला.



साहेबांनी सावकाश मान फिरवली. "येऊन राहिलो? म्हणजे आलात, की राहिलात?"

मॅनेजरच्या तोंडातली सुपारी कुठं गेली कुणास ठाऊक. पाटलांना काय झालं ते कळलं नाही, पण मी हसतोय म्हणून तेही हसले.

साहेब मात्र मुरलेले होते. म्हणाले, "ठीक आहे, गैरसमज झाला. सवलत म्हणून एक सर्व्हिसिंग मोफत करून देऊ."

"सवलत नको. हमी पाहिजे."

"पण गाडी तर चालू आहे."

"सावलीत चालू आहे. मूर्तिजापूरच्या रस्त्यानं तुम्ही स्वतः चालवा. नाही बंद पडली तर पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही."

साहेबांनी चालवली, मी मागं बसलो. माणूस गाडी सुरेख चालवायचा. बोरगाव मागं पडलं, गाडी चालतेच आहे! स्वतःच्या गाडीनं मरावं म्हणून मी जेवढे देव आठवले तेवढे परीक्षेतही आठवले नव्हते. आणि मग तिनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

"पडली!" मी मुलगा झाल्यासारखा ओरडलो.

साहेबांनी झाकण उघडलं, बोट भाजून घेतलं, वाकून बराच वेळ पाहिलं. "मॅग्नेटोची कॉइल. तापली की दगा देते," ते पुटपुटले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "धक्का देऊन पाहू. मारता का?"

"मी?" मी सीटवर चढून बसलो. "गाडी हमीत आहे, साहेब. धक्का कंपनीचा. मी हँडल धरतो."

त्यांनी मारला. पांढऱ्या शर्टाचा रंग बदलेपर्यंत मारला. तिकडून येणारा गाडीवान बैल थांबवून पाहत राहिला, आणि मी त्याला कोर्टात करतो तसा नमस्कार केला. गाडी सुरू झाली ती थंड झाल्यावर, तिच्या मर्जीनं.

त्याच दिवशी कॉइल बदलली, हमीत. जुनी कॉइल मी पुरावा म्हणून मागून घेतली. मॅनेजरनं चहा पुढं केला. "राग सोडा ना वकीलसाहेब, काहून तानून राहिले?"

"चहा हमीत येते का?"

"नाही बापा."

"मग नको."

संध्याकाळी निघालो. गाडी तापली, आणखी तापली आणि चालतच राहिली. मूर्तिजापूर गेलं. मी मोठमोठ्यानं एकटाच युक्तिवाद करत चाललो होतो, साहेबांना, मॅनेजरला, त्या लवकर येणाऱ्या वकिलालाही हरवत. बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी थांबली. दिवसभर साहेबांना फिरवण्याच्या आणि जिंकण्याच्या भरात मी पेट्रोल भरलंच नव्हतं.

तिथून घरापर्यंत ढकलत नेली. बायकोनं विचारलं, तर सांगितलं, रात्रीच्या वेळी गल्लीत आवाज नको म्हणून. पण गाडी बंद पडली नव्हती, पेट्रोल संपलं होतं. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे, आणि माझ्याच भाषेत.