सदर मोबदल्यात

कोर्टाच्या फाटकाबाहेर भिंतीला पाठ लावून, लोखंडी टेबलावर टाइपरायटर मांडून बसणाऱ्या माणसाला सगळे सदरकाका म्हणत. खरं नाव परवान्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं टाइप करून ‘सदर’ हा शब्द त्यांच्या जिभेलाच चिकटला होता. सदर जागा, सदर इसम, सदर म्हैस. घरी जेवताना ते म्हणत, “सदर भाजीत मीठ कमी आहे.” त्यावर काकू म्हणत, “मग सदर इसमानं उठून घ्यावं.”

माणूस कामात मात्र पक्का. लोक रडत, शिव्या देत, मधूनच शेजाऱ्याच्या सासूबद्दल सांगत यायचे. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि त्यातून सरळ, कोर्टाला चालेल असा कागद काढायचे. तोंडी बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बैठकीतच त्यांनी खिशातून कागद काढला होता. काकूंनी डोळे वटारले म्हणून तो परत आत गेला.

हाल व्हायचे ते उन्हानं. भिंतीला सावली सकाळी दहापर्यंत, पुढे दिवसभर डोकं तापत राहायचं. गेल्या उन्हाळ्यात त्यांना भोवळ आली आणि कपाळ मशीनवर टेकलं. समोरच्या अर्जदाराला वाटलं, काका विचार करताहेत. बिचारा चांगली पाच मिनिटं अदबीनं उभा होता. तेव्हापासून काकूंचा एकच धोशा होता: डोक्यावर काहीतरी छप्पर करा, नाहीतर घरी बसा. आणि घरी बसणं काकांना जमण्यातलं नव्हतं.

अशात एका दुपारी काका पाणी प्यायला आत गेले, आणि येऊन बघतात तो टेबल रिकामं.

तिसऱ्या दिवशी टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचा फोन आला. “काका, तुमची मशीन आत्ता माझ्याकडे विकायला आली होती. त्यातला ‘ळ’ मी स्वतः बसवलाय, मी ओळखणार नाही का? मी तोंड उघडल्याबरोबर गडी मशीन उचलून पसार झाला. पण ओळखीचा आहे. कोर्टाच्या दुरुस्तीची कामं घेतो ना, त्या कंत्राटदाराचा मेहुणा.”

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदार स्वतःच गाडीतून उतरला. मशीन त्यानं आपल्या हातानं टेबलावर ठेवली.

“काका, घरातलाच माणूस आहे. अक्कल गहाण टाकली त्यानं. पोलिसांत जाऊ नका. बायको माझ्याशी बोलायची बंद झालीय.” मग त्यानं वर, भगभगत्या आकाशाकडे बघितलं. “तुम्हाला इथं पत्र्याची शेड घालून देतो. पंखासुद्धा. परवानगीचं माझ्याकडे लागलं.”

काकांचा जीव शेडमध्ये अडकला. सावलीत बसलोय, पंखा फिरतोय, कागद उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवलाय, हे सगळं त्यांना लख्ख दिसलं. शिवाय मशीन तर परत मिळालीच होती. ते ‘बरं’ म्हणाले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती, निदान कोणाला कळली नसती. पण तोंडी व्यवहार काका करणार होते थोडेच!

“थांबा,” ते म्हणाले, “लिहून घेऊ.”

आणि चोरीला जाऊन परत आलेल्या त्याच मशीनवर, दोन कार्बन घालून, तीन प्रतींत त्यांनी टाइप केलं: ‘सदर शेड व पंखा यांच्या मोबदल्यात लिहून देणार हे सदर चोरीबाबत पोलिसांत तक्रार करणार नाहीत, अगर साक्ष देणार नाहीत.’ दोघांनी सह्या केल्या. एक प्रत घेऊन कंत्राटदार हसत हसत गेला.

उरलेल्या दोन घेऊन काका वकीलबाईंकडे गेले, नोटरीचा शिक्का मारून घ्यायला. बाई नवशिक्या असल्यापासून काकांनी त्यांचे कागद टाइप केले होते. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि उठून दार लावून घेतलं.

“काका, हे तुम्ही काय केलंत?”

“तडजोडनामा. का, मसुद्यात काही चूक आहे?”

“मसुदा उत्तम आहे हो, तीच तर पंचाईत आहे. आपली वस्तू परत घेतलीत, त्यात काही वावगं नाही. त्या माणसाची कीव येऊन गप्प बसला असतात, तर तुमचं तुम्ही जाणा. पण चोरी दडवण्याची किंमत ठरवून घेणं हा गुन्हा आहे. आणि तुम्ही तो स्वतः टाइप करून, सही करून, तीन प्रतींत आणलाय.”

काका समोरच्या खुर्चीत बसले. इतकी वर्षं कोर्टाच्या दारात बसून आपण कोर्टाच्या बाहेरच होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. परवाना जाईल, नाव जाईल, उतारवयात तुरुंगाची हवा खावी लागेल. मुलीच्या सासरी काय सांगायचं?

“शेड आली का?” बाईंनी विचारलं.

“उद्या यायची आहे.”

“मग नको म्हणून सांगा. तो कागद परत मागा. आणि पोलिसांत जाऊन सगळं खरं सांगा, आजच.”

काका तडक कंत्राटदाराकडे गेले. त्यानं चहा विचारला, खुर्ची दिली, कागद मात्र दिला नाही.

“राहू दे की माझ्याकडे. तुमच्या सहीचा आहे. तुम्ही बोललात तर आपण दोघंही आत. नाही बोललात तर कोणालाच काही नाही. आणि हो काका, मला एकदोन जुन्या तारखांचे कागद करून हवे आहेत. येतो सवडीनं.”

एकतीस वर्षांत काकांनी कधी खोटी तारीख घातली नव्हती. ते घरी आले आणि पलंगावर बसून राहिले. काकूंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. काकू काही म्हणतील, आदळआपट करतील, असं त्यांना वाटलं होतं. काकूंनी फक्त चपला घातल्या.

“चला. मी पण येते.”

“आणि मला तिथेच ठेवून घेतलं तर?”

“डबा आणून देईन. त्या माणसासाठी खोटं टाइप करायला लागलात तर मात्र तोही देणार नाही. चला.”

ठाण्यातल्या फौजदारबाई वयानं मुलीएवढ्या होत्या. काकांनी दोन्ही प्रती पुढे ठेवल्या आणि चोरीपासून जुन्या तारखांपर्यंत सगळं सांगितलं. ‘सदर’ एकदाही तोंडात आला नाही, इतके ते घाबरले होते. बाईंनी कागद दोनदा वाचला, मग कोणालातरी फोन लावून हळू आवाजात बोलत बसल्या. काकूंनी पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली.

फोन ठेवून बाई म्हणाल्या, “शेड घेतली नाहीत ना? काहीच नाही ना घेतलंत?”

“चहासुद्धा नाही.”

“मग ऐका. तुम्ही आपण होऊन आलात, घेतलं काही नाही. वरिष्ठांशी बोलले मी. तुमच्यावर आम्ही काही करणार नाही. चोरीची तक्रार आत्ता लिहून द्या, साक्षीला बोलावलं की या. कंत्राटदाराला मी बोलावून घेते.”

काकांचा जीव भांड्यात पडला. पण तक्रार लिहून सही करताना त्यांच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली.

“बाई, इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांच्या किती तडजोडी टाइप केल्यात...”

“काका,” फौजदारबाईंनी फाइल मिटली, “तुमचं झालंय. आता घरी जा.”

काकू फिस्सकन हसल्या. मग बाईही हसल्या. काका हसायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पायरीवर येऊन ते मटकन खाली बसले.

“रडताय की हसताय?” काकूंनी विचारलं.

“सुटलो गं,” काका म्हणाले. “मला वाटलं, उरलेला जन्म त्या माणसाच्या मुठीत काढायचा.”

तेवढ्यात कंत्राटदाराची गाडी ठाण्याच्या आवारात शिरली. तो उतरला, काकांना बघून थबकला. काका उठले, बाजूला झाले आणि त्याला आत जायला वाट करून दिली. मग ते काकूंकडे वळले.

“चल, कुठंतरी चहा घेऊ. मघाचा राहिलाय.”