साडूंचा राग माझ्याकडे

इंदापूर तालुक्यात उसाचं पीक कुणी कितीही काढो, रागाचं पीक माझ्या साडूंइतकं कुणी काढलं नाही. बावड्याला त्यांची शेती. चहा कोमट आला की राग, कढत आला तरी राग. एसटी उशिरा आली की ते कंडक्टरवर ओरडत. एकदा वेळेवर आली, तर आपल्याला पळावं लागलं म्हणून ओरडले. पण उत्तम प्रतीचा राग ते शेजारच्या तात्यांसाठी राखून ठेवत. तात्या दर उन्हाळ्यात नांगरताना मधला बांध वीतभर साडूंच्या रानात सरकवत, आणि साडू निव्वळ शिव्यांच्या जोरावर तो मागे नेत.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालाच्या सुमारास त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो, स्वभावाचं तुम्ही बघा. रागवायचं नाही." यावर साडूंनी माझ्या हिशेबी डोक्यालाही न सुचलेला तोडगा काढला. "पाव्हणं, डाक्टरनं मला न्हाय म्हनलंय. तुमाला कुठं म्हनलंय?"

झालं. दर रविवारी मी बारामतीहून जायचो. आठवडाभर साठलेला राग ते बाजेवर पडून सांगत आणि मी तो गावात पोचवत असे. माझा आवाज मुळात हिशेब तपासणाऱ्याचा. वायरमनवर रागवायला गेलो, तर तो म्हणाला, "बसा सायेब, च्या घ्या." घेतला.

इकडे साडू सुकत चालले. जेवण तुटलं, बोलणं थांबलं. मेहुणी म्हणाली, "दाजी, दुखण्यानं न्हाय, ह्या गुणी वागण्यानंच जातील हे. घर कसं खायला उठतंय." डॉक्टरांना विचारलं, तर ते माझ्यावरच वैतागले. "गिळून टाका असं कुठं म्हटलं मी? गिळलेला रागही छातीवरच बसतो. थोडा थोडा येऊ द्या बाहेर." म्हणून मी प्रमाण ठरवून दिलं: दिवसातून एकदा, जेवणाआधी, बसून. साडूंनी तेही मुकाट्यानं ऐकलं. मला तेव्हा खरी भीती वाटली.

उन्हाळ्यात तात्यांनी बांध सरकवला. साडूंनी मला पुढं घातलं आणि स्वतः काठी टेकत मागून आले. मी म्हणालो, "तात्या, हे योग्य नाही. साधारण नऊ इंच जास्त होतात."

"नऊ? मी सात धरलं हुतं," तात्या म्हणाले.

"असं भांडत्यात व्हय?" साडूंनी मला बाजूला केलं आणि तोंड उघडलं. मी त्यांच्या छातीकडे बघत उभा राहिलो. तात्या सगळं मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आलास व्हय? मला वाटलं, आता बांध सरकवून उपेग न्हाय." त्या दुपारी साडूंनी तिसरी भाकरी मागून घेतली, आणि ती करपली म्हणून आरडाओरडा केला. मेहुणी चुलीपाशी पदरानं डोळे पुसत होती.

पुढे ते बरीच वर्षं जगले. गेले ते झोपेत, कुणाला काही न बोलता. त्यांना हे मुळीच शोभलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी मोजपट्टी घेऊन रानात गेलो. बांध सरकला होता खरा, पण उलट्या बाजूला. तात्यांनी आपलीच वीतभर जमीन साडूंच्या रानात घातली होती.

"तात्या, हे चुकलंय," मी म्हणालो.

"चुकलंय तर वरडा की कुनीतरी."

मी प्रयत्न करून पाहिला. तोंडातून एवढंच निघालं, "साधारण नऊ इंच."