अंबूबाईचं नाक

वडनेर भोलजीत चैत्र लागला की बायका मसाल्याचं सामान सुपात घालून अंबूबाईच्या ओट्यावर यायच्या. धने, जिरे, दगडफूल, खोबऱ्याच्या वाट्या. सूप ठेवता ठेवता म्हणायच्या, "अंबूबाई, तुह्या नाकाखालून जाऊ दे व बाप्पा."

अंबूबाई माळ्याच्या घरची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा तुळशीराम विहिरीवरच्या दोन एकरांत वांगी-मिरची करायचा, सून पंचफुला घर सांभाळायची, आणि अंबूबाई गावाचा मसाला भाजायची. कढईसमोर बसली की ती डोळे मिटून घेई. दुसऱ्या कोणीतरी उलथनं फिरवायचं, आणि तिने अचानक हात वर केला की कढई खाली उतरवायची. मसाला ती कधी चाखून बघत नसे. खोबऱ्याची एकेक वाटी मात्र नाकाशी धरून निवडायची आणि जरा संशय आला की गाईपुढे टाकायची.

जेवायला बसली म्हणजे तिच्या जिभेचं कौतुक वेगळं. एका घासात ती सांगे, की वांगं आजचं आहे की कालचं, फोडणी तापल्या तेलात पडली की तेल नीट तापायच्या आधीच घाई केली. कोणी म्हटलं, काय नाक आहे, तर हसून म्हणायची, "नाकाचं काम वासाचं, जिभेचं काम चवीचं. देवानं मले दोन्ही दिले." दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. येणार तरी कसं?

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. त्या माघात नांदुऱ्याचा बाजार करून ती बैलगाडीने परत येत होती. गाडीच्या मागच्या कडेला, पाय खाली सोडून बसली होती. मागून आलेल्या ट्रकने भोंगा वाजवला, बैल उसळले आणि अंबूबाई सरळ पाठीवर सडकेवर पडली. डोक्याचा मागचा भाग दणकन आपटला. तुळशीराम गाडी थांबवून धावत येईपर्यंत तिची शुद्ध गेली होती. पाण्याचा हबका मारल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला तो बाजाराच्या पिशवीचा. रक्त नाही, जखम नाही. मागे लिंबाएवढं टेंगूळ तेवढं आलं. सगळ्यांनी देवाला हात जोडले.

तीन दिवस डोकं ठणकत होतं म्हणून ती पेजेवरच होती. चौथ्या दिवशी भूक लागली. पंचफुलाने गरम भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली, वर कच्चं तेल सोडलं. अंबूबाईने घास घेतला. चावला. आणि चावता चावता थांबली.

"काय व, काय टाकलं यात?"

"नेहमीचंच, आत्याबाई."

"मसाला टाकला?"

"टाकला नं."

अंबूबाईने दुसरा घास घेतला. मीठ कळलं, तिखटाने जीभ पोळली. पण त्या मिठा-तिखटाच्या मध्ये जे असतं, ते नव्हतंच. तोंडात नुसता गरम लगदा फिरत होता.

"माही तब्येत बरी नाई तं मले पान्यात शिजवलेलं घालतं काय?" तिने ताट सारलं. "चार दिस चुलीपासून लांब काय राह्यली, घराची चवच घालवली तुनं!"

पंचफुलाचा चेहरा खर्रकन उतरला. तिने भाजीत बोट बुडवून चाटून पाहिलं. भाजी चांगली होती.

संध्याकाळी अंबूबाई दूध तापत ठेवून चुलीपुढे बसली होती. मनात त्याच भाजीचा विचार. एवढ्यात पंचफुला अंगणातून ओरडत आत आली. "आत्याबाई, दूध! दूध करपलं!" पातेल्याच्या बुडाला काळं कातडं धरलं होतं, घरभर धूर कोंडला होता, आणि अंबूबाई पातेल्यापासून हातभर अंतरावर बसलेली. धुराने डोळ्यांत पाणी येत होतं तिच्या. पण करपल्याचा वास? ती पातेल्यावर वाकली. जोरात श्वास ओढला. गरम वाफ नाकातून आत गेली, आणि तिच्यासोबत काहीच गेलं नाही.

ती उठून कोनाड्याकडे गेली. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. धन्यांच्या डब्यात तोंड घातलं. काही नाही. कांदा फोडून कचकन चावा घेतला. डोळे झोंबले, जीभ चुरचुरली, मागून थोडं गोडसर पाणी कळलं. पण तो कांदा नव्हता. कोणी डोळे बांधून दिला असता तर तिने त्याला काय म्हटलं असतं, तिलाच सांगता आलं नसतं.

"काय झालं, आत्याबाई?" पंचफुला दारातून विचारत होती.

"काई नाई. सर्दी झाली वाटते."

नाक मात्र कोरडं ठणठणीत होतं.

सर्दी सर्दी म्हणत तिने महिना काढला. ओव्याची धुरी घेतली, नाकात तूप सोडलं. जेवायला बसायची तिला भीती वाटू लागली. पुरणपोळी खाल्ली तर नुसती साखर, कढी प्यायली तर नुसतं आंबट. तिच्यावर कोणी करणी केली असेल असंही तिला वाटून गेलं. हे कोणाला सांगावं तर लोक काय म्हणतील? ज्या नाकाकडे गाव सुपं घेऊन येतं ते नाकच गेलं, हे तोंडाने म्हणायची तिची हिंमत होईना.

आणि चैत्रात अर्जुनरावांच्या घरचं बोलावणं आलं. गावातलं मोठं घर, मुलीचं लग्न. अर्जुनरावांच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी, सहाशे माणसांच्या वांग्याच्या भाजीचा मसाला अंबूबाईवर सोपवला. नाही म्हणायला कारण काय सांगणार? रंग तर डोळ्यांना दिसतो, धने तडतडलेले कानांना कळतात. जमेल, असं तिने मनाशी धरलं.

धने तिने रंगावर उतरवले. ते जमले. मग खोबरं. पाच शेर वाट्या. एकेक वाटी सवयीने नाकाशी नेली आणि परातीत टाकली, एकेक वाटी, जणू सगळं कळतंय. पंचफुला शेजारी काप करत होती. अर्ध्यात तिचा हात थांबला.

"आत्याबाई... खोबरं थोडंसं खवट येऊन राह्यलं काय?"

अंबूबाईने हातातली वाटी पुन्हा नाकाशी नेली; काहीच कळलं नाही. पण ज्या सुनेला दोन महिन्यांपूर्वी भाजीवरून फाडून खाल्लं होतं, तिच्यापुढे आता माघार घ्यायची?

"तू मले खोबरं शिकवतं?" ती कडाडली.

पंचफुला पुन्हा काप करू लागली. कुटायला आलेल्या बायकांनीही एकमेकींकडे पाहिलं असेल. पण अंबूबाईच्या नाकाखालून गेलेल्या खोबऱ्याला नाव कोण ठेवणार?

लग्नाच्या दिवशी मांडवात पहिली पंगत बसली. अंबूबाई कणगीच्या आडोशाला उभी राहून बघत होती. भाजी वाढली गेली. वराकडचा एक म्हातारा पाहुणा, त्याने घास घेतला आणि हात पत्रावळीवरच ठेवला. शेजाऱ्याने घेतला, तोंड वाकडं केलं. मग ओळीने हात थांबत गेले. कोणीतरी हळूच म्हणालं, "भाजी खवट हाय बे."

आचाऱ्यांनी धावपळ करून दोन कढया बेसन घोटलं, पंगत कशीबशी उठली. भाजीचे हंडे उकिरड्यावर रिकामे झाले. अंबूबाई तिथून हलली नाही. स्वतःच्या हातचा मसाला लोक थुंकताना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

रुक्मिणीबाई तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. रागापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर अचंबाच जास्त होता. "अंबूबाई, तुह्या हातून? काऊन झालं असं?"

अंबूबाईने तोंड उघडलं, तेवढ्यात पंचफुला मध्ये आली. "चूक माही झाली. खोबरं मी निवडलं होतं."

अंबूबाईने सुनेकडे पाहिलं. मग तिचा हात धरून तिला बाजूला केलं. "खोटं सांगते पोरगी. तिनं मले सांगतलं होतं, मीच आयकलं नाई. बाई, मले वासच येऊन नाई राह्यला. दोन महिने झाले. कायचाच नाई."

आणि सहाशे पाहुण्यांच्या मांडवात ती लहान पोरीसारखी हमसून रडली.

चार दिवसांनी तुळशीराम तिला नांदुऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. पंचफुलाही सोबत होती. डॉक्टर वयस्कर, बोलायला मऊ. त्यांनी नाकात बॅटरी धरून पाहिलं, पडल्याची हकीगत विचारली, डोक्याच्या मागे चाचपलं. अंबूबाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, नाक गेलं ते गेलं. पन माही जीभ काऊन गेली? जीभ तं पडली नाई नं?"

"जीभ शाबूत आहे, बाई."

"मंग भाजी काऊन लागत नाई?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला, मग आतल्या घरातून वाटीत कुटलेलं जिरं मागवलं. पंचफुलाला म्हणाले, "डोळे मिट. नाक घट्ट दाब, तोंडाने श्वास घे." आणि तिच्या जिभेवर चिमूट ठेवली. "काय आहे?"

पंचफुलाने चघळलं. "भुसा हाय... लाकडाचा भुसा. थोडा कडू."

"अजून काही?"

"नाई बाप्पा. भुसाच."

"आता नाक सोड."

पंचफुलाने नाक सोडलं आणि खुर्चीवरून अर्धी उठलीच. "अगं माय! जिरं! जिरं हाय हे!" ती डोळे फाडून वाटीकडे बघत राहिली. "आतापर्यंत कुठी होतं?"

"तोंडातच होतं," डॉक्टर म्हणाले. "जीभ सांगते गोड, आंबट, खारट, कडू. तिखट झोंबतं तेवढं. बाकी सगळं, जिरं काय, धने काय, वांगं काय, ते घशाच्या मागून नाकात जातं आणि नाक ओळखतं. आपल्याला वाटतं जिभेनेच ओळखलं. तुझ्या सासूबाई डोक्याच्या मागच्या बाजूवर पडल्या, तेव्हा मेंदूला हिसका बसला. वास नेणारे तंतू बारीक असतात, ते तुटले असावेत."

तुळशीरामने स्वतःही नाक दाबून चिमूट तोंडात टाकली आणि तसाच खुळ्यासारखा उभा राहिला.

अंबूबाई वाटीतल्या जिऱ्याकडे बघत होती. पन्नास वर्षं ती जिभेचा तोरा मिरवत होती. सासू जिवंत असताना, नवरा असताना, किती जणींच्या भाजीला तिने जिभेवरून नावं ठेवली होती! आणि जीभ बिचारी तर चार शब्दांपलीकडे काही जाणतच नव्हती. सगळा कारभार नाकाचा होता. वास गेल्याचं तिला दुःख झालं होतं. हे ऐकून मात्र तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

"वास परत येईन काय?" तिने विचारलं.

"येईलही, नाहीही येणार. वर्ष-दीड वर्ष वाट पाहा. औषध नाही माझ्याकडे."

परतीच्या वाटेवर पंचफुला गाडीत तिच्या शेजारी बसली होती. मध्येच तिने पुन्हा नाक दाबलं, थोडा वेळ तशीच राहिली, सोडलं. मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमाले दोन महिने असंच सगळं भुशावानी लागते?"

"हाव."

पंचफुलाने तिचा हात हातात घेतला. अंबूबाई म्हणाली, "त्या दिशी तुह्या भाजीले मी नावं ठेवली. भाजी चांगली असन तुही."

"चांगलीच होती," पंचफुला म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या.

त्या उन्हाळ्यापासून कढईसमोर पंचफुला बसू लागली. शिकवणं सोपं नव्हतं. अंबूबाईला पूर्वी वास कळायचा, पण त्याला नावं कधी द्यावी लागली नव्हती. "आता कसा येते?" ती विचारी. "कच्चा, गवतावानी." "मंग थांब." थोड्या वेळाने पंचफुला म्हणे, "आता लिंबाच्या सालीवानी." अंबूबाई चमकून बघायची. इतकी वर्षं धने भाजले, पण त्यात लिंबाची साल आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं; आणि आता सुनेने म्हटल्यावर तिला ते आठवून पटायचं. पहिला घाणा पंचफुलाने जाळला. दुसरा-तिसरा बरा झाला. पुढच्या चैत्रात रुक्मिणीबाईंनी स्वतः सूप पाठवलं आणि ते पंचफुलाच्या नावाने पाठवलं.

दीड वर्ष उलटलं. एका सकाळी अंबूबाई ओरडत उठली, "चिंधी जळते! पाहा कुठी चिंधी जळते!" कुठेच काही जळत नव्हतं. चहा घेतला तर चहात जळकी चिंधी, भाकरीत जळकी चिंधी. नाक उघडलं होतं, पण वेडंवाकडं. डॉक्टर म्हणाले, तुटलेले तंतू नवीन फुटत आहेत, वाट चुकत आहेत, खात राहा. सात महिने ती चिंध्या खात राहिली. कधी कधी उलटी होई. तरी कोणी विचारलं तर सांगे, "येते नं काईतरी! कोरडं नाई."

त्यातल्या बहुतेक चिंध्या पुढे विरल्या, पण त्यांच्या जागी जुने वास आले नाहीत. धने आले नाहीत, जिरं आलं नाही, वांगं तर कधीच आलं नाही. लसूण आला, अर्धा-मुर्धा. गोवरीचा धूर आला. आणि एका हिवाळ्यात तुळशीरामने मळ्यातून मेथीची जुडी आणून तिच्यापुढे निवडायला टाकली. अंबूबाईने देठ मोडला आणि तशीच थांबली.

"काय झालं, माय?"

तिने हाताने त्याला गप्प राहायला सांगितलं. एक पान तोडून तोंडात घातलं, चावलं. मग दुसरं. कडूपणाच्या मागून ती हिरवी, उग्र, ओळखीची मेथी तिच्या नाकात चढली. ती पान पान खात राहिली. पंचफुला हातातलं काम टाकून दारात आली, तुळशीराम खाली बसला. पंचफुलाने भाजीसाठी जुडीला हात लावला तर अंबूबाईने तो बाजूला केला.

"आज भाजी दुसरी कर," ती म्हणाली.